व्हिसा पाच वर्षांचा, दिवस नव्वदच

मी नोकरीसाठी जर्मनीत राहते आणि नवरा कोल्हापुरात. त्याला पाच वर्षांचा शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या 29 देशांत चालणारा भेटीचा व्हिसा, मिळाला आणि घरच्या ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागली. सांगलीच्या मावशीने फोन करून विचारलं, "म्हणजे आता पाच वर्षं जावईबापू तिकडेच ना?" कोल्हापूरहून सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे आता तो इथं किती दिवस असणार?" दोघींना मी एकच उत्तर दिलं आणि दोघींचाही विश्वास बसला नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. नवरा-बायकोपैकी एक परदेशात आणि दुसरं भारतात, अशी जोडपी आता आपल्याकडे घरटी एक निघतील.

व्हिसा पाच वर्षांचा आहे याचा अर्थ एवढाच, की पाच वर्षं नव्याने अर्ज करायला नको. दर खेपेला 90 युरो शुल्क, पुण्याच्या व्हिसा केंद्रातली तारीख, कागदांचा गठ्ठा हे सगळं वाचलं. राहण्याचा हक्क मात्र पहिल्या साध्या व्हिसावर होता तेवढाच आहे: कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस.

हे "कोणत्याही" फार महत्त्वाचं आहे आणि लोक नेमकं तिथेच फसतात. त्यांना वाटतं, वर्षाचे दोन भाग, जानेवारी ते जून नव्वद आणि जुलै ते डिसेंबर नव्वद. तसं मुळीच नाही. तुम्ही जर्मनीत आहात त्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे 180 दिवस मोजायचे आणि त्यात तुम्ही इथे किती दिवस होता ते पाहायचं. समजा कुणी 2 एप्रिलला आला आणि 30 जूनपर्यंत राहिला. नव्वद दिवस पूर्ण झाले. 1 जुलैला नवं खातं उघडत नाही. त्याला पुन्हा पाय ठेवता येतो तो 29 सप्टेंबरला. उतरल्याचा दिवसही धरतात आणि परतीच्या विमानाचाही. मध्ये दोघं शनिवार-रविवार प्राग किंवा स्ट्रासबर्गला जाऊन आलात, तर तेही दिवस यातच, कारण शेंगेनचे 29 देश मिळून हिशोब एकच.

आता तर शिक्केही जाताहेत. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी यंत्रणा आली आहे. चेहरा आणि बोटांचे ठसे घेतात, आल्या-गेल्याची नोंद थेट संगणकात होते. पूर्वी अधिकारी पासपोर्टची पानं उलटून पुसट शिक्के वाचत बसायचा. आता एक दिवस जास्त झाला तरी लगेच कळतं. दंड होऊ शकतो, पुढच्या प्रवेशावर बंदी येऊ शकते. मला या बदलाचं वाईट वाटत नाही. आमचा हिशोब पहिल्यापासून चोख आहे आणि आता तो त्यांच्याकडेही चोख राहील.

राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. दिवसांचा हा नियम माणसाची गरज पाहत नाही. एका हिवाळ्यात बर्फावरून घसरून माझा घोटा मोडला. नवरा जेमतेम काही दिवसांपूर्वी लांबचा मुक्काम करून परत गेला होता. दिवस शिल्लक होते ते अगदी थोडे. तो आला, ते दिवस संपेपर्यंत राहिला आणि मी कुबड्यांवर असताना परत गेला. मुक्काम वाढवून मिळायची सोय कायद्यात आहे, पण ती आटोक्याबाहेरच्या किंवा अगदी गंभीर वैयक्तिक कारणांसाठी. मोडलेला घोटा त्यात बसत नाही, असं इथल्या कार्यालयातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं. त्या नियमाला धरूनच बोलत होत्या, पण त्या दिवशी मला ते मुळीच पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्याच्याशी माझं लग्न झालंय, ज्याचे आधीचे सगळे व्हिसा वेळेत वापरून झालेत, त्याला आणखी तीन आठवडे देऊन कुणाचं काय बिघडलं असतं? पुढचे आठवडे खालच्या मजल्यावरच्या आजी रोज दुपारी सूप घेऊन वर आल्या. आमची ओळख तोवर जिन्यातल्या नमस्काराची होती. या देशाबद्दल बोलताना मला ते कार्यालय आणि त्या आजी एकदमच आठवतात.

"मग कायमचा का आणत नाहीस?" हे तर सगळेच विचारतात. आणता येईल. मी ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर, आले होते आणि ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला इथे यायला जर्मन भाषेची ए-वन ही पहिल्या पायरीची परीक्षासुद्धा द्यावी लागत नाही, नोकरीची परवानगी लगेच मिळते. पण तो व्हिसा एकत्र संसार करण्यासाठी आहे. माझ्या नवऱ्याची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. सासऱ्यांनी उभी केलेली. भट्टी पेटली की माणसं, माल, वीज, गिऱ्हाईकाची तारीख, सगळं त्याच्याच अंगावर असतं. तो फार तर वर्षातले चार-पाच महिने बाहेर राहू शकतो. असा माणूस इथला निवासी आहे असं कागदावर दाखवायचं आणि राहायचं कोल्हापुरात, हे आम्हाला करायचं नाही. कायमच्या कारणाने देश सोडला तर तो परवाना तसाही संपतो. आणि मी परत का जात नाही? माझं काम ब्रेकच्या सुट्या भागांच्या चाचण्यांचं आहे, ते मी जिथे शिकले आणि जिथे आहे तिथेच उत्तम होतं. स्टुटगार्टमध्ये गाड्या जुळतात, कोल्हापुरात त्यांची कास्टिंग ओततात. दोघांचं काम एकाच साखळीतलं आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. आमच्या लग्नात काही कमी आहे म्हणून आम्ही दोन देशांत नाही.

ये-जा करणाऱ्यांसाठी भेटीचा व्हिसाच खरा आणि सरळ. एप्रिल 2024 मध्ये युरोपियन कमिशनने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी तो बराच सोपा केला. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा प्रवेशाचा मिळू शकतो. त्यानंतर सहसा पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असेल तर. म्हणून पासपोर्ट संपत आला असेल तर अर्जाआधी नवा करून घ्या, नाहीतर व्हिसा त्याच्याबरोबर आखूड होतो. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. अर्ज करताना पहिल्या खेपेचा दाखवला की चालतं, पण पुढच्या प्रत्येक खेपेलाही तो काढलेला असायलाच हवा.

नवऱ्याच्या अर्जात सगळ्यात जड पारडं फाउंड्रीच्या कागदांचंच होतं. आयकर विवरणपत्रं, जीएसटी, कामगारांचे पीएफचे चलन, हातातल्या ऑर्डरी. बायको जर्मनीत म्हटल्यावर हा परत जाईल का, ही शंका त्यांना येणारच, आणि तिचं उत्तर प्रेमाने नाही, अशा कागदांनीच द्यावं लागतं. ज्याचा खर्च इथला माणूस करणार आहे, त्याच्यासाठी इथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढतात, त्याचे 29 युरो. आम्ही ते काढलं नाही. नवरा स्वतःच्या पैशाने येतो आणि ते कागदावरही तसंच दिसावं, असा त्याचा आग्रह असतो.

एक विसंगती मात्र डोळ्यात खुपते. माझ्या शेजारी बसणारा सहकारी फ्रेंच आहे. युरोपियन युनियनचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहत असला की त्याच्या जोडीदाराला मुक्त संचाराच्या कायद्याने व्हिसा मोफत आणि लवकर मिळतो. मी मात्र उद्या जर्मन नागरिक झाले तरी जर्मनीतच राहत असल्याने तो कायदा माझ्या नवऱ्याला लागू होणार नाही. कर मात्र तो सहकारी आणि मी एकाच कार्यालयात भरतो.

नणंद न्यू जर्सीला असते. ती म्हणते, अमेरिकेचं बरं, दहा वर्षांचा व्हिसा आणि एका खेपेला सहा-सहा महिने. खरं आहे, पण किती दिवस द्यायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ब्रिटनचाही भेटीचा व्हिसा दहा वर्षांपर्यंत मिळतो, एका वेळी सहसा सहा महिने, आणि तिथेही वारंवार येऊन तेच घर केलंय असं वाटलं तर अडवतात. त्यापेक्षा मला जर्मनीचा नव्वदचा आकडा परवडतो. तो कठोर आहे, पण सगळ्यांना सारखा आहे आणि आधी कळतो.

लग्न न केलेल्यांसाठी जर्मनीत दार अरुंदच आहे. भेटीचा व्हिसा मिळतो, पण एकत्र राहण्याचा परवाना लग्नाशिवाय जवळपास नाहीच. स्वीडन आणि नेदरलँड्स टिकाऊ सहजीवन सिद्ध केलं तर लग्नाचा दाखला मागत नाहीत.

आणि आपल्या देशाला नावं ठेवणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते. इथल्या एका जर्मन मैत्रिणीचं लग्न नाशिकच्या मुलाशी झालं आहे. नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झाल्यावर तिला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात कितीही वेळा येऊन राहू देणारं कार्ड, मिळालं. आता ती सासरी हवी तेव्हा जाते, हवं तितकं राहते, कुणी दिवस मोजत नाही. अर्जाच्या वेबसाइटने तिला रडवलं हे खरं, पण हक्क म्हणून हातात पडलं ते युरोपने माझ्या नवऱ्याला दिलेल्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

यंदा गणपतीला मी कोल्हापूरला जाणार आहे, त्यामुळे त्याचे दिवस खर्च होणार नाहीत. ते नाताळापासून पुढे, बर्फाच्या दिवसांसाठी राखून ठेवले आहेत.