आजी बोलेनाशा झाल्या तेव्हा

मार्केट यार्डातलं मसाला पॅकिंग सोडून मी जनरल ड्यूटी असिस्टंटच्या कोर्सला जायला लागले, तेव्हा घरच्यांना वाटलं मी नर्स होणार. नर्स नाही. दवाखान्यात ज्यांना सगळे 'मावशी' म्हणून हाक मारतात त्यांचं काम, पण रीतसर शिकून. स्पंजिंग, बेडपॅन, पेशंट पलंगावर असतानाच चादर बदलणं, ज्याला हलता येत नाही त्याची दर दोन तासांनी कूस बदलणं. साबणाने हात धुवायचे तेही ४० ते ६० सेकंद. कुठला कचरा पिवळ्या पिशवीत आणि कुठला लाल, याची तर रोज उजळणी. शिकवायला एक निवृत्त सिस्टर होत्या. त्यांचा हट्ट असा, की बीपी आणि नाडीच्या खाली पेशंट आज कसा वागला हेही एका ओळीत लिहायचं. आम्ही मागच्या बाकावर हसायचो. 'पेशंट चिडला' हे काय लिहायचं?

प्रॅक्टिकलसाठी मला सदाशिव पेठेतल्या एका घरी पाठवलं. आजींचं वय ७९, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, डायबेटिस, बीपी. जीभ मात्र धारदार. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मसाला भरत होतीस ना? मग उशी तरी अभ्र्यात नीट भर." त्यानंतर माझी एकही घडी त्यांच्या पसंतीला उतरली नाही. मी सगळं वहीत लिहायचे. चिडल्या, हसल्या, पेपर वाचून दाखव म्हणाल्या.

त्या सकाळी गेले तर आजींच्या सूनबाई, म्हणजे वहिनी, खुशीत. "आज आई किती शांत आहेत बघ. गोळी बदलल्याचा गुण दिसतोय."

आजी जाग्या होत्या, पण नजर कुठेच ठरत नव्हती. मी मुद्दाम अभ्रा उलटा घातला आणि त्यांच्यासमोर उशी ठेवली. शिवण वर दिसत होती. त्या बघत राहिल्या, बोलल्या नाहीत. वार विचारला, उत्तर यायला फार वेळ लागला आणि आलं तेही चुकीचं. मग मला खरंच भीती वाटली.

ताप नाही. बीपी ११०/७०, नाडी ९२, ऑक्सिजन ९७. वहिनींनी मशीनवर शुगर बघितली, १३८. आकड्यांत काही सापडेना. वहिनी म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे ना? मग झोपू दे त्यांना." शेजारच्या काकू ग्लुकोजचं पाणी घेऊनच आल्या. मी पेला बाजूला ठेवला. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. काकूंचा चेहरा पडला, पण इलाज नव्हता.

कोर्सच्या सिस्टरना फोन लावला. "काय झालं असेल ते सांगू नकोस," त्या म्हणाल्या, "काय दिसतंय ते सांग." मी सांगितलं. रोज बोलतात, आज बोलत नाहीत, वार चुकला, सकाळपासून लघवी अगदी थोडी. त्यांनी फोन वहिनींकडे द्यायला लावला. पाच मिनिटांत १०८ला कॉल गेला. लिफ्ट नाही, जिना अरुंद, दोन मजले खुर्चीवरून उतरवलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून असं?" वहिनी म्हणाल्या, "काल ठणठणीत होत्या." मी वही पुढे केली. आधीच्या दिवसांत जुलाब, जेवण निम्म्यावर, नुसतं पाणी पोटात, नवी बीपीची गोळी सुरू, कालपासून पेपर नको म्हणाल्या. डॉक्टरांनी गोळीचं नाव दोनदा वाचलं. तीत लघवी वाढवणारं औषध होतं. रक्त तपासलं, सोडियम, म्हणजे रक्तातला मिठाचा अंश, ११९. असायला हवं १३५ ते १४५. जुलाब, नुसतं पाणी आणि ही गोळी, यांनी ते उतरलं होतं. म्हातारपणी शरीरावर असा ताण आला की माणूस गोंधळू शकतो, आणि हा गोंधळ दर वेळी आरडाओरड्याचाच असतो असं नाही. कधी माणूस नुसता गप्प होतो. तो प्रकार नजरेतून सुटतो, कारण गप्प पेशंटबद्दल तक्रार कोण करणार?

"मग मीठ-पाणीच पाजलं असतं," वहिनींचा भाऊ म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "सोडियम घाईने वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ते हळूहळू, रक्त पुन्हा पुन्हा तपासत वाढवायचं असतं." भाऊ पुढे काही बोलला नाही.

आजी घरी आल्या तेव्हा वहिनींचा माझ्यावर फारच विश्वास बसला होता, आणि तीच पंचाईत झाली. "आता गोळ्यांची डबी तूच भर. इन्सुलिनही दे. बाहेरची सिस्टर कशाला?" मी नाही म्हटलं. तो आमच्या कोर्सचा भाग नाही आणि मला ते येतही नाही. "डबी तुम्ही भरा, मी वेळेला आठवण करीन. इंजेक्शनला सिस्टरच हव्यात." त्यांना ते आवडलं नाही. दोन दिवस चहाही थोडा कमीच मिळाला. पण सिस्टर येतात, आणि आजी आता त्यांच्याही चुका काढतात.