बोलून मोकळं करता का?

कारखान्यात अपघात झाला की एचआरवाले हमखास विचारतात, "मॅडम, ज्यांनी बघितलं त्या पोरांना एकदा बसवून बोलतं करा ना. मन मोकळं झालं की कामाला लागतील." तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते, मी तसं करत नाही.

पूर्वी ती पद्धत होती. अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी ती मांडली. घटना घडल्यावर लगेच सगळ्यांना जमवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते बोलायला लावायचं. पुढे तपासून पाहिलं तेव्हा कळलं, की अशा एका बैठकीनं पुढचा आजार टळत नाही, काहींचा त्रास तर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची 2011 ची पुस्तिकाही सांगते, बोलायची सक्ती करू नका.

चाकणकडच्या एका प्रेस शॉपमधला (पत्रा दाबून भाग घडवणारी मशिनं असतात तिथला) ऑपरेटर माझ्याकडे आला होता (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत). शेजारच्या प्रेसवर मित्राची बोटं गेली होती. हा दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसला. "मला काय झालंय मॅडम? झालंय त्याला." मी अपघाताचा विषयच काढला नाही. जेवण जातंय का, झोप लागते का, रूमवर सोबत कोण, एवढंच विचारलं. बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं. आणि मग, "सेफ्टीचा सेन्सर बंद करून चालवत होते. प्रॉडक्शनसाठी. सगळ्यांना माहीत होतं."

दचकणं, झोप उडणं बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. महिना उलटूनही तेच राहिलं, तर नीट उपचार करावे लागतात, आणि तेव्हा घटनेबद्दलही बोलतो, पण त्याच्या चालीनं. त्या बंद सेन्सरबद्दलच्या संतापाचं मात्र तसं नाही. तो खरा असतो, त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून काय उपयोग?

एचआरला "रिपोर्ट" हवा होता. तो काय बोलला हे मी देत नाही, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ती गोपनीयता त्याचा हक्क आहे. त्याला विचारून एक पत्र तेवढं दिलं: पगार न कापता काही आठवडे पॅकिंगला ठेवा, आणि सेन्सर चालू झाल्याशिवाय त्या मशिनवर कुणालाच उभं करू नका. दुसरं वाक्य काढा, त्यात मानसशास्त्र कुठे आलं, असा फोन आला. मी काढलं नाही.