आण्णांच्या डीटीपीच्या फायली युनिकोडमध्ये : पाचव्या महिन्याची नोंद

पाचव्या महिन्याअखेर ४१२ पैकी २९१ फायली युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण संकेतात, आल्या. गेल्या खेपेला आकडा १६० वर अडकला होता. तो कशानं अडकला आणि कसा सुटला हे जरा सविस्तर लिहितो, कारण ज्यांच्या घरी जुनं मराठी डीटीपीचं काम पडून आहे त्या प्रत्येकाला तिथंच ठेच लागणार आहे.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. आमच्या आण्णांचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत १९९६ ते २००९ डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं, दुकान होतं. लग्नपत्रिका, वर्गणीच्या पावत्या, गूळ अडत्यांची बिलबुकं, तालीम मंडळांचे वार्षिक अहवाल, कुस्ती मैदानांच्या स्मरणिका. दुकान बंद करताना सगळं काम सीडींवर टाकलं आणि पेटी माळ्यावर गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं. खालच्या कपाटातल्या बहुतेक छापील प्रतींचा लगदा झाला, माळ्यावरच्या सीड्या मात्र वाचल्या. त्यातले कितीतरी अहवाल त्या त्या मंडळांकडेही आता नाहीत. म्हणून हा उद्योग.

सीडींबद्दल एकच सांगतो. जुनी सीडी लावून फायली सरळ ओढून कॉपी करायला जाऊ नका. ड्राइव्ह एका खराब जागी घुटमळत बसतो आणि सगळी कॉपीच फसते. डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरा. तो आधी सोपं सोपं वाचून घेतो, खराब जागा मागं ठेवतो आणि कुठं काय राहिलं याची नोंद ठेवतो. त्यामुळं तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेलं काम पुढं चालू ठेवता येतं. ३१ पैकी ९ सीड्या धड वाचल्या जात नव्हत्या. त्यातल्या ७ अशा दोन ड्राइव्हवर फिरवून पूर्ण निघाल्या.

फायली बहुतेक पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या. पेजमेकर ७ आला २००१ मध्ये, त्यापुढची आवृत्ती निघालीच नाही. मला वाटलं होतं की आता जुनं विंडोज कुठंतरी बसवावं लागणार. पण लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस संचातला ड्रॉ पेजमेकरच्या फायली उघडतो, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. मांडणी विस्कटते, चौकटी एकमेकींवर चढतात, पण मजकूर येतो आणि मला मजकूरच हवा आहे.

आता ठेच कुठं लागली ते. त्या काळच्या फॉन्टात मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं चित्र. फॉन्ट काढून घेतला की उरतात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मी फॉन्टफोर्ज या फॉन्ट संपादित करायच्या प्रोग्रॅममध्ये तो फॉन्ट उघडला, कुठल्या जागेवर कुठलं चित्र आहे याचा तक्ता केला आणि पायथनमध्ये अदलाबदल करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. लग्नपत्रिका बऱ्यापैकी निघाल्या, कारण त्यांचा मजकूर ठरीव असतो. अहवाल मात्र जिकडंतिकडं फुटले.

चाचणीसाठी मी एक शब्द धरला होता : खाशाबा. १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांचं नाव आमच्याकडच्या जवळपास प्रत्येक स्मरणिकेत आहे. माझ्या स्क्रिप्टमधून तो शब्द बाहेर यायचा तो असा : पाय मोडलेला ख, पुढं ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबणारे दोन काने, मग पाय मोडलेला श, पुन्हा दोन काने, आणि शेवटी तेवढा बा नीट. तीन आठवडे मी तक्त्यातल्या चुका शोधत होतो. तक्ता बरोबरच होता.

एका रविवारी आण्णा चहा घेऊन शेजारी येऊन बसले, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आरं, ख ला दोन बटनं दाबायला लागायची. आधी अर्धा ख, मग काना. ण, श, भ, समद्यांचं तसंच."

एवढंच होतं. त्या फॉन्टात अख्खा ख नव्हताच. अर्धा ख आणि काना मिळून ख व्हायचा, आणि खा लिहायचा तर अर्धा ख, काना, पुन्हा काना. पहिला काना अक्षराचा दंड, दुसरा खरा काना. फॉन्टफोर्ज चित्रं दाखवतो, पण ती जोडायची कशी हे तो सांगत नाही. ते बोटांना माहीत असतं. मी आण्णांना म्हटलं, "तुम्ही बाराखडी टाइप करा, मी कळा टिपून घेतो." सोळा वर्षांत त्या कीबोर्डला हात लावला नव्हता, तरी क पासून ज्ञ पर्यंत एकदाही थांबले नाहीत. तो तक्ता आता माझ्या स्क्रिप्टचा पाया आहे.

त्यातून निघालेले नियम देतो, तुमचा फॉन्ट वेगळा असला तरी उपयोगी पडतील. मोठा तुकडा आधी बदलायचा, लहान नंतर. म्हणजे 'अर्धा ख आणि काना' ही जोडी आधी ख करायची, उरलेले सुटे अर्धे ख मागाहून पाय मोडून घ्यायचे. मग ह्रस्व वेलांटी. जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी दाबली जायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. पण नुसतं एक अक्षर ओलांडून भागत नाही. 'स्त्रिया' मध्ये वेलांटीला स, त आणि र हा सगळा जुडगा ओलांडावा लागतो. रफार सगळ्यात शेवटी, कारण त्याचा प्रवास उलटा. जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. 'वर्गणी' मध्ये एक घर मागं जायचं, पण 'अर्ध्या' मध्ये काना आणि अख्खा ध्य ओलांडून मागं जायचं. वेलांटीच्या आधी रफार हलवला तर सगळं पुन्हा फुटतं, हे मी दोन रात्री घालवून शिकलो.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. 'को' लिहिताना कुणी काना-मात्रेची जोडकळ दाबायचं, कुणी काना आणि मात्रा वेगवेगळे. कागदावर दोन्ही सारखेच. युनिकोडमध्ये मात्र काना अधिक मात्रा म्हणजे ओ नव्हे. दुकानात आण्णांच्या हाताखाली दोन मुलं काम करायची, आणि कुठली फाइल कुणी केली हे आता मला या सवयीवरून ओळखता येतं. अनुस्वारही काही ठिकाणी दोनदा दाबलेला आहे. एकावर एक छापला गेल्यानं कुणाला कधी कळलाच नव्हता.

तपासणी हातानं करणं अशक्य आहे, म्हणून मी मराठीत जे घडूच शकत नाही तेवढंच शोधतो. पाय मोडलेल्या अक्षरानंतर लगेच काना किंवा मात्रा, एकाच अक्षराला दोन स्वरचिन्हं, शब्दाची सुरुवात काना-वेलांटीनं. विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस, लिनक्सवर केट, दोन्हींत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन शोधणं, चालतं. या तीन शोधांनी माझ्या नव्वद टक्के चुका पकडल्या असतील.

फाइल युनिकोडमध्ये आली म्हणजे काम संपलं असं मीही समजत होतो. मग 'शेतकऱ्यांची' हा शब्द शोधला आणि डोळ्यासमोर असलेला शब्द सापडेना. कारण हा ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढं न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. ॲ चं तेच. अ वर चंद्र देऊनही तो होतो आणि ०९७२ क्रमांकाचं स्वतंत्र अक्षरही आहे, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचा मजकूर साहजिकच पहिल्या पद्धतीचा. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची पद्धत, या जोड्यांना एक मानत नाही, त्यामुळं नियम आपणच लिहायचा. मी सगळीकडं ०९३१ आणि ०९७२ ठेवले. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर शिफ्ट धरून जे दाबला की ऱ मिळतो, मग डी नं पाय मोडा. ही सवय आजपासून लावून घ्या, पुढं शोधताना फार त्रास वाचतो.

इन्स्क्रिप्टचा विषय निघालाच आहे तर माझं मत सांगतो : शिका. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि जसं बोलतो त्या क्रमानं दाबायचं. रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना दर शब्दाला प्रोग्रॅम आपल्याला पर्याय विचारतो, इथं तो विचारत नाही. विंडोज, लिनक्स, दोन्हींत आधीपासून असतो. मला रोज अर्धा तास देऊन तीन आठवड्यांत हात बसला.

मशीनबद्दल दोनतीन जणांनी विचारलं होतं. २०१४ चा लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अटींत हा प्रोसेसर बसत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी घातली, लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. तिचे अपडेट २०२९ पर्यंत येत राहतील. लॅपटॉप टाकून देण्याआधी एसएसडी घालून बघाच, रॅम वाढवण्यापेक्षाही फरक मोठा पडतो.

शोधासाठी विंडोजवर एव्हरीथिंग या प्रोग्रॅमसारखं काही नाही. तो डिस्कवरच्या एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइल-रचनेची, मुख्य यादीच थेट वाचतो, म्हणून लाखभर फायलींत नाव टाइप करता करता सापडतं. पण तो नावं शोधतो, आणि मला शोधायचा आहे आतला मजकूर. त्यासाठी लिनक्सवर रिकॉल ठेवला आहे. एकदा रात्री यादी करू द्यायची, मग 'वर्गणी' म्हटलं की १९९८ ची पावती आणि २००६ चा अहवाल एकाच वेळी समोर.

साठवताना प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती करतो. एक साधी टेक्स्ट फाइल, एक लिब्रेऑफिसची ओडीटी. ओडीटीचं स्वरूप २००६ मध्ये आयएसओ मानक झालं आणि आत बघितलं तर ती एक झिप फाइल आहे. सेव्हन-झिपनं उघडा, आत कंटेंट नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये तुमचा सगळा मजकूर दिसेल. गेल्या महिन्यात लाइट गेली तेव्हा एक ओडीटी बिघडली आणि लिब्रेऑफिस ती उघडेना. मी आतली एक्सएमएल फाइल बाहेर काढून चाळीस पानं जशीच्या तशी मिळवली. वर्डच्या डॉकएक्स फायलींनाही हीच युक्ती चालते. कुठलाही नवा प्रोग्रॅम घेताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो, की उद्या हा बंद पडला तर माझा मजकूर मी स्वतः बाहेर काढू शकेन का? बाकी सोयी नंतर.

एक बारीकशी पण मराठीला महत्त्वाची गोष्ट : लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा, हिंदीवर सोडू नका. नोटो सान्स देवनागरी सारख्या फॉन्टात त्यामुळं ल आणि श मराठी वळणाचे येतात. आण्णांनी हा फरक चष्मा न लावता ओळखला.

बॅकअपसाठी लॅपटॉप आणि घरातला डेस्कटॉप सिंकथिंगनं जोडले आहेत, तो दोन्हीकडच्या फायली आपोआप सारख्या ठेवतो. पण दोन मशीन जोडणं म्हणजे बॅकअप नव्हे, एकीकडं फाइल पुसली की दुसरीकडंही पुसली जाते. त्यातलं फाइल व्हर्जनिंग चालू करून ठेवा, म्हणजे पुसलेल्या फायली वेगळ्या फोल्डरात राहतात. आणि तिसरी प्रत एका बाहेरच्या डिस्कवर, ती मामाकडं पन्हाळ्यावर. दर दोन महिन्यांनी जातो तेव्हा बदलून आणतो. पूर बघितलेल्या घरात तिसरी प्रत त्याच गल्लीत ठेवायची नसते.

उरल्या १२१ फायली. त्यातल्या ३७ अशा आहेत की फक्त छापील पानं मिळाली, पेजमेकरची फाइल नाही. त्या ३०० डीपीआयनं स्कॅन करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला मराठी भाषा देऊन वाचायला लावल्या आहेत. स्वच्छ पानांवर चांगलं जमतं, पुराच्या डागांवर र आणि व ची गल्लत होते. त्या ओळी हातानंच तपासाव्या लागणार. बाकी ८४ दुसऱ्याच फॉन्टात आहेत, दुकानानं २००४ नंतर तो घेतला होता. त्याच्या कळांची जागा पूर्ण वेगळी. काल रात्री जेवण झाल्यावर आण्णा आपणहून कीबोर्डपाशी बसले. ट पर्यंत झालंय. ठ ला बहुतेक एकच बटन होतं म्हणतात, आज बघू.