मॉर्टिमोरची शिल्लक षटकं

गुणलेखकांच्या सराव वर्गात ताळा शिकवायला मी एक जुनं गुणपत्रक घेतो. जिलेट कप (इंग्लंडच्या कौंटी संघांची एकदिवसीय स्पर्धा) १९७१, उपांत्य सामना, ओल्ड ट्रॅफर्ड, २८ जुलै. ६० षटकांचा डाव, एका गोलंदाजाला जास्तीत जास्त १२ षटकं. ग्लॉस्टरशायर ६ बाद २२९, लँकेशायर ५६.५ षटकांत ७ बाद २३०.

आधी लँकेशायरच्या धावा. फलंदाजांच्या २१५, अवांतर १५. मग ग्लॉस्टरशायरच्या गोलंदाजांनी दिलेल्या: प्रॉक्टर ३८, डेव्ही २२, नाइट ४२, मॉर्टिमोर ८१, ब्राउन ३२. बेरीज पुन्हा २१५. आज वाइड-नोबॉलच्या धावा गोलंदाजाच्या नावावर चढतात, म्हणून हे आकडे सहसा असे जुळत नाहीत आणि तो फरक हिशेबात धरावा लागतो. तेव्हा त्या चढत नसत. बळी पडले ७, गोलंदाजांकडे ६, कारण बॅरी वुड धावबाद. आपला फरूख इंजिनिअर स्वयंचित झाला, म्हणजे स्वतःच यष्टी पाडून बाद, पण तो बळी मॉर्टिमोरचाच. नवशिके हमखास इथे चुकतात.

परवा वर्गात एका मुलीने प्रश्न काढला. रात्रीचे पावणेनऊ, अंधार पडलेला, ५ षटकांत २५ धावा हव्यात, अशा वेळी ५६वं षटक मॉर्टिमोरच्या फिरकीला दिलंच का? डेव्हिड ह्यूजने त्यात ४, ६, २, २, ४, ६ अशा २४ धावा लुटल्या. दोष ग्लॉस्टरशायरचा कप्तान टोनी ब्राउन यालाच दिला जातो.

मी षटकांचा रकाना मागे मोजायला लावला. ५५ षटकांनंतर ब्राउन आणि नाइट यांची १२-१२ संपलेली. डेव्हीचं १ शिल्लक, प्रॉक्टरची २, मॉर्टिमोरची २. बरोबर पाच! सहाव्या कुणाला चेंडू दिलाच नव्हता, त्यामुळे मॉर्टिमोर टळणार नव्हता. सलग दोन षटकं एकाला देता येत नाहीत, म्हणून तो फार तर ५८व्या आणि ६०व्या षटकापर्यंत लांबला असता. तेवढं मात्र करायला हवं होतं; अंधारात प्रॉक्टरचा वेग खेळणं जास्त कठीण. पण माझ्या मते खरी चूक आधीची, दोन मध्यमगती गोलंदाजांचा कोटा लवकर संपवण्याची.

म्हणून धावफलकाशेजारी 'शिल्लक षटकं' हा रकाना मी प्रत्येकाला आखायला लावतो. ५७व्या षटकाच्या पाचव्या चेंडूवर जॅक बॉन्डने विजयी धाव काढली, तेव्हा त्या रकान्यात डेव्हीचं एक, मॉर्टिमोरचं एक आणि प्रॉक्टरचं एक षटक नि एक चेंडू उरलेला दिसतो.