नऊ मार्कांनी हुकलेलं फ्रेंच

कॅनडात कायमचं राहायला गुणांवर निवड होते, तिला एक्स्प्रेस एंट्री म्हणतात. २८ फेब्रुवारी २०२४ ला तिचा जनरल ड्रॉ ५३४ वर थांबला, त्याखालच्या कुणालाच बोलावणं नाही. माझा स्कोअर ४७८, म्हणजे विषयच संपला. दुसऱ्याच दिवशी फ्रेंच येणाऱ्यांचा वेगळा ड्रॉ लागला, तो ३३६ वर! आकडा दोनदा वाचला आणि नाशिकला आईला फोन लावला, "माझं फ्रेंचचं सर्टिफिकेट कुठेय गं?"

पुण्यात कॉलेजला असताना मी डेल्फ बी२ ही फ्रेंचची परीक्षा दिली होती. त्या सर्टिफिकेटला मुदत नसते, म्हणून मी निर्धास्त. आईने ते लॅमिनेट करून ब्रॅम्प्टनला कुरिअर केलं. ज्या सल्लागाराला पैसे मोजले होते तोही म्हणाला, "डेल्फ आहे ना, मग झालं." कुठलं काय! कॅनडातला क्युबेक प्रांत डेल्फ धरतो, पण एक्स्प्रेस एंट्रीला चालतात त्या दोनच परीक्षा: टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा. निकालही दोन वर्षांच्या आतला लागतो. हे सरकारी साइटवर स्पष्ट लिहिलेलं आहे, मीच आधी वाचलं नव्हतं.

तारीख लवकरची मिळाली म्हणून टीसीएफ घेतली. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही भागांत एनसीएलसी ७ लागतं (एनसीएलसी म्हणजे फ्रेंच किती येतं ते मोजायची कॅनडाची पट्टी). एकात जास्त मिळाले म्हणून दुसऱ्यातलं कमी भरून निघत नाही. त्यासाठी किमान ऐकण्यात ४५८, वाचनात ४५३, लिहिण्या-बोलण्यात वीसपैकी दहा, हे आकडे मी फ्रिजवर चिकटवून ठेवले होते.

वाचन बरं गेलं. लेखनात एका तासात तीन मजकूर लिहायचे. तिसऱ्यात दोन उलटसुलट मतं थोडक्यात मांडून वर आपलं मत द्यायचं. निबंधाची सवय असलेल्या माणसाला ते जमतं, फक्त शब्द मोजत बसावं लागतं.

खरी गोची ऐकण्यात. ३९ प्रश्न, ३५ मिनिटं, आणि प्रत्येक संवाद एकदाच. सुरुवातीला स्टेशनवरची घोषणा, दुकानातलं बोलणं असलं सोपं. मग पट्टी चढत जाते आणि शेवटी रेडिओवरची तज्ज्ञांची चर्चा. मी अडकले मधेच, एका किमतीवर. फ्रेंचमध्ये ९७ म्हणजे 'चार-वीस-सतरा'. कानावर ऐंशी पडलं की मन तिथेच थांबतं. आपल्याकडेही एकोणऐंशीत ऐंशी ऐकू येतं आणि आकडा निघतो ७९, पण ते अंगात मुरलेलं असतं. मी मनात बेरीज करत बसले, तोवर पुढचा संवाद अर्धा संपला होता.

बोलण्याची परीक्षा बारा मिनिटांची. दुसऱ्या भागात दोन मिनिटं तयारीला मिळतात, मग समोरच्या परीक्षकाला प्रश्न विचारून माहिती काढायची. कार्डावर लिहिलं होतं, परीक्षक म्हणजे तुमची मैत्रीण, नुकतीच नव्या घरात राहायला गेली आहे. समोर काकूंच्या वयाच्या अनोळखी बाई. मैत्रीण म्हटल्यावर 'त्यु' म्हणायला हवं, आणि माझ्या तोंडून सारखं 'वू' निघत होतं. तू आणि तुम्हीचा फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही, पण तिथे नेमका तोच आड आला. तिसऱ्या प्रश्नाला सावरले.

निकाल आला: वाचन ४८०, लेखन १०, बोलणं ११. ऐकणं ४४९. नऊ कमी.

फक्त ऐकण्याचा भाग पुन्हा देता येत नाही, आणि दोन निकालांतले चांगले चांगले भाग जोडताही येत नाहीत. चारही भाग परत, फीसुद्धा परत. त्या रात्री मी चिडून सगळ्या वह्या पलंगाखाली सारल्या. आठवड्याभराने काढल्या.

पुढचे चार महिने व्याकरणाला हातच लावला नाही. सकाळी कामावर जाताना बसमध्ये आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या, दहा मिनिटांच्या, थांबवून मागे न जाता ऐकायच्या. हा मागे न जाण्याचा नियम मोडायचा मोह रोज व्हायचा. आणि आकड्यांसाठी येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेटा फ्रेंचमध्ये पुटपुटायच्या. शेजारच्या सीटवरचे लोक बघायचे.

दुसऱ्या खेपेला ऐकण्यात ४७६ आले, बाकी तिन्हीही पुरेसे. इंग्रजीचा निकाल हाताशी होताच, त्यामुळे फ्रेंचचे ५० जादा पॉइंटही जमा झाले. आता पुढच्या फ्रेंच ड्रॉकडे डोळे लावून बसलेय. बसमधल्या बातम्या अजून चालू आहेत. बंद करायची हिंमत होत नाही.