साताऱ्याहून श्रीलंकेच्या लाटांवर: सर्फिंग-सहलीच्या आखणीचा माझा अनुभव

सातारा-सांगलीकडच्या कुणी श्रीलंकेला सर्फिंगला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिकीट कधी स्वस्त मिळेल? मी आखणी उलट्या टोकाने करतो. आधी महिना, मग किनारा, मग आपल्या कुवतीची लाट, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. कारण जूनमध्ये स्वस्त तिकीट काढून दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामाला पोचलात, तर हाती लागतो तो समोरून येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा, पाऊस आणि घुसळलेला गढूळ समुद्र.

नोव्हेंबर ते एप्रिल हा दक्षिण किनाऱ्याचा काळ. हिक्कडुवा, अहंगामा, मिडिगामा, वेलिगामा, मिरिस्सा ही गावं याच पट्ट्यात येतात. या महिन्यांत वारा ईशान्येचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. मे ते सप्टेंबरमध्ये चित्र उलटतं आणि पूर्वेचा अरुगम बे जागा होतो. बेट एकच, पण हंगाम दोन. शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर दक्षिणेचा हट्ट सोडावा. दिवाळीची सुट्टी मात्र दोन हंगामांच्या सांध्यावर येते, तेव्हा शक्य असेल तर नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबावं.

अंदाज वाचता आला की निम्मी आखणी झाली. लाट उभी राहते श्रीलंकेत, पण तिचा उगम असतो दक्षिण हिंदी महासागरात, ४० ते ५० अंश दक्षिण अक्षांशातल्या वादळांत. तिथून वेलिगामा साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास. १६ सेकंद कालावधीच्या (म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला १६ सेकंद लागतात अशा) लाटांचा समूह ताशी सुमारे ४५ किलोमीटरने पुढे सरकतो, म्हणजे प्रवास पाचेक दिवसांचा. म्हणूनच स्वेलचा, म्हणजे लांबून चालत आलेल्या लाटांचा अंदाज आठवडाभर आधी बराचसा भरवशाचा असतो. वाऱ्याचा अंदाज मात्र मी तीन दिवसांपलीकडे गांभीर्याने घेत नाही.

नवखे फक्त उंचीचा आकडा बघतात. त्याच्या शेजारचा सेकंदांचा आकडा जास्त बोलका असतो. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर कालावधीच्या वर्गाला १.५६ ने गुणायचं. ७ सेकंदांची लाट ७६ मीटर लांब, १४ सेकंदांची ३०६ मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ लागायला सुरुवात होते, म्हणून लांब लाट दीडशे मीटर खोलीपासूनच वळू लागते आणि किनाऱ्याजवळ अंदाजातल्या उंचीपेक्षा बरीच मोठी उभी राहते. '१ मीटर, ७ सेकंद' म्हणजे नुसती खळखळ. '१ मीटर, १५ सेकंद' म्हणजे खडकाच्या जागी नवशिक्याने काठावर बसून चहा प्यावा. लांब कालावधीच्या लाटा वेगवान असल्यामुळे आधी पोचतात. आकडा १७-१८ वरून रोज थोडा खाली येताना दिसला, तर स्वेल ओसरतोय असं समजावं.

यासाठी मी पाहतो त्या जागा मोजक्या आहेत. सर्फलाइन या संकेतस्थळावर जागेनुसार अंदाज मिळतो. जुन्या लेखांत ज्याचं नाव वारंवार येतं ते मॅजिकसीवीड २०२३ मध्ये सर्फलाइनमध्येच विलीन झालं, त्यामुळे ते शोधण्यात वेळ घालवू नये. विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर मी वारा आणि स्वेलचे थर वेगवेगळे उघडतो आणि युरोपीय व अमेरिकी अशी अंदाजाची दोन्ही प्रारूपं ताडून बघतो. दोघांचं जमलं तर विश्वास ठेवायचा, दोघांत दोन दिवसांचा फरक असेल तर बेत लवचिक ठेवायचा. तिसरी जागा आपल्याकडची, पण आपल्याकडेच फारशी माहीत नसलेली: हैदराबादची इन्कॉइस, समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था. केरळ-कन्याकुमारीच्या किनाऱ्याला ते लांबून येणाऱ्या उंच लाटांचा इशारा देतात तेव्हा त्या लाटाही बहुतेकदा याच दक्षिण महासागरातून आलेल्या असतात. तसा इशारा असेल त्या दिवशी श्रीलंकेच्या दक्षिणेलाही शिकाऊ माणसाने वेलिगामाच्या आतल्या फेसातच राहावं.

उपग्रह नकाशा जरूर उघडावा. लाट कुठे फुटते, आत जायचा खोल मार्ग कुठला, खडक कुठवर आहे हे पांढऱ्या फेसाच्या रेषांवरून घरबसल्या कळतं. वेलिगामाचा उपसागर रुंद, तळाला वाळू. शिकायला याहून सोपी जागा दक्षिणेत नाही, आणि म्हणूनच गर्दीही तिथेच. मिडिगामाच्या लेझी लेफ्ट आणि लेझी राइट या लाटा सावकाश चालतात, पण तळ खडकाचा आहे. उभं राहून वळता येऊ लागल्यावर तिथे जावं. जवळच्याच रॅम्स या लाटेवर नवख्याचं काम नाही. अरुगम बेमध्ये बेबी पॉइंट आणि व्हिस्की पॉइंट सौम्य, मेन पॉइंट लांब उजवी, म्हणजे सर्फरच्या उजवीकडे फुटत जाणारी लाट देणारा आणि गर्दीचा.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक लागतंच, पण कोकणासारखं नाही. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. श्रीलंकेत सगळा फरक मीटरभरही नसतो. वाळूवर त्याने फार बिघडत नाही. खडकावर मात्र अर्धा मीटर पाणी कमी झालं तरी फिन, म्हणजे बोर्डखालचे पंख, घासतात, म्हणून ओहोटीचा तळ टाळायचा. पौर्णिमेला तिथे पोया असतो: सार्वजनिक सुट्टी, दारू आणि मांसविक्री बंद, बसगाड्या भरलेल्या. प्रवासाचा दिवस त्यावर येऊ देऊ नये.

कागदपत्रांचं थोडक्यात. सातारा आणि सांगली दोन्ही पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिन्यांहून जास्त हवी. ईटीए ही प्रवासपूर्व परवानगी श्रीलंका सरकारच्या संकेतस्थळावरच काढावी. शोधयंत्रात वरती तिच्यासारखीच दिसणारी दलालांची पानं येतात आणि शुल्काच्या दुप्पट-तिप्पट घेतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट एलके' आहे का, एवढं बघितलं की पुरे. भारतीयांसाठीचे शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदललेत, म्हणून कुणाच्या जुन्या माहितीवर न जाता तिकिटाच्या आदल्या आठवड्यात तिथेच वाचावं. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरावं. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधल्या रकान्यात, कधी नावाच्या रकान्यात गेलेलं असतं आणि गोंधळ तिथेच होतो.

मुंबईहून कोलंबोचं थेट विमान अडीच तासांच्या आसपास. खरी परीक्षा मुंबई गाठण्याची. सांगली-मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची, साताऱ्यालाही थांबते. पण साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, शहराबाहेर, तेव्हा मध्यरात्रीची रिक्षा आधी बोलून ठेवावी. रस्त्याने जायचं तर शुक्रवार-शनिवारी खंबाटकी आणि खंडाळा या दोन्ही घाटांचा हिशेब धरून चार तास जास्त ठेवावेत. स्वतःचा बोर्ड नेण्याच्या मी विरोधात आहे. आठ फुटी बोर्ड एसटीतही बसत नाही, रेल्वेच्या डब्यातही नाही, आणि विमान कंपनीची लांबीची मर्यादा व वेगळं शुल्क वरून. फिन, लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) आणि पाय घसरू नये म्हणून बोर्डवर लावायचं उष्ण पाण्याचं मेण न्यावं. थंड पाण्याचं मेण तिथल्या २७-२९ अंशांच्या पाण्यात वितळून घसरतं.

विमानतळ कोलंबोत नाही, उत्तरेला कटुनायकेला आहे. तिथून द्रुतगती मार्गाने वेलिगामा गाडीने तीनेक तास. अरुगम बेला सात-आठ. कोलंबो फोर्टहून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी रेल्वे स्वस्त आणि सुंदर, पण मोठं सामान असेल तर नको. वेळ आपलीच, घड्याळ बदलावं लागत नाही. १२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालंय, पण किनाऱ्यावरच्या बोर्डवाल्याकडे आणि टुकटुकला रोख लागते.

बोर्ड भाड्याने घेताना लिटर, म्हणजे बोर्डचं आकारमान, बघावेत. शिकणाऱ्याला वजनाच्या किलोइतके किंवा जास्त लिटर हवेत. सत्तर किलोच्या माणसाला आठ फुटी मऊ बोर्ड ठीक. लीशची दोरी ओढून बघायची, फिन हलवून बघायचे, बोर्डच्या तळाला बोटाने दाबत जायचं. पचपचीत लागलं तर आत पाणी शिरलंय, तो बोर्ड जड होतो आणि वळत नाही. जुन्या भेगांचे फोटो बोर्ड देणाऱ्यासमोरच काढावेत, म्हणजे परत देताना वाद होत नाही.

शरीराची तयारी दोन महिने आधी. यवतेश्वराचा घाट धावणाऱ्याला दम असतो, पण पालथं पडून हात मारायला खांदे आणि पाठ लागते. न थांबता २०० मीटर पोहता यावं, आणि विहिरीत उडी मारून कडेला येणं म्हणजे पोहणं नव्हे हे आपल्या गावाकडच्यांनी मान्य करावं. कृष्णेत पोहलेल्यांना प्रवाह कळतो, ही जमेची बाजू. समुद्रातला परतीचा प्रवाह दोन फुटत्या लाटांच्या मधल्या शांत, गडद पट्ट्यात असतो. त्यात सापडलं तर बोर्ड सोडायचा नाही आणि किनाऱ्याला समांतर जायचं. जमलं तर आधी कर्नाटकातल्या मुळकीला दोन-तीन दिवस शिकून यावं. सांगलीहून रस्त्याने जाता येतं आणि तळ वाळूचा आहे.

प्रवासविमा घेताना 'सर्फिंग' हा शब्द कागदावर शोधावा. बऱ्याच पॉलिसी साहसी खेळ वगळतात किंवा जादा हप्ता मागतात. औषधांत जंतुनाशक, चिमटा (समुद्री साळिंदराच्या काट्यांसाठी), पाणी न शिरणारी पट्टी आणि झिंकचं मलम. प्रवाळाने कापलं तर लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने चोळून धुवावं, कारण आत राहिलेले कण जखम चिघळवतात. ती सुकेपर्यंत समुद्र बंद. संध्याकाळी डासांचं मलम लावायचं, डेंग्यू तिथेही आहे. रुग्णवाहिका १९९०, पोलीस ११९, पर्यटकांसाठी १९१२: हे आकडे फोनमध्ये आणि एका कागदावरही, कारण ओल्या फोनचा भरवसा नाही.