लोड, तक्के आणि डावी कूस

मी जन्माची पालथी झोपणारी. उशी छातीखाली, एक हात उशीखाली, एक पाय दुमडलेला. कॉलेजात होते तेव्हापासून माझी झोप हीच. त्यामुळे वजन उतरवण्यासाठी स्लीव्हचं, म्हणजे जठर लहान करण्याचं, ऑपरेशन ठरलं तेव्हा खाण्यापिण्याचं काय होणार यापेक्षा मी झोपणार कशी, याचीच मला काळजी. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "महिना-दीड महिना पालथं विसरा. टाके आतूनही भरायला हवेत." ह्यांना हसू आलं, मला नाही.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० च्या वर, साखर वाढलेली, त्यात झोपेत श्वास अडकण्याचा आजार. म्हणून विम्याचं प्रकरणही फारसं अडलं नाही. ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि उरते ती एक अरुंद नळी. पोटावर बाहेरून दिसतात ती चार-पाच छोटी भोकं. त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा मोठं, कारण कापलेला भाग त्यातूनच बाहेर काढतात. माझं ते उजवीकडे होतं. पुढे कुठल्या कुशीवर झोपायचं हे त्या एका भोकाने ठरवलं.

हॉस्पिटलात झोपेचा प्रश्न तसा आला नाही, कारण तिथला पलंग बटण दाबलं की उशाकडून वर होतो. सिस्टरांनी तो साधारण ३० ते ४५ अंशांवर ठेवला होता. त्रास दिला तो खांद्याने. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय उजवा खांदा, म्हणजे आणखी काहीतरी बिघडलं असं मला वाटून गेलं. कारण साधं निघालं. दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. त्यातला थोडा आत राहतो, वर सरकून श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, टोचतो, आणि श्वासपटलाची नस मानेतून येत असल्याने दुखणं खांद्यात जाणवतं. गंमत बघा, सपाट पडलं की खांदा जरा सुटायचा, कारण गॅस तिथून हलायचा. पण सपाट पडलं की घशाशी आंबट यायचं. नळी अरुंद, आतला दाब जास्त, त्यामुळे आम्ल वर चढतं. म्हणजे खांद्याचं ऐकायचं की घशाचं? सिस्टर म्हणाल्या, दोघांचंही नको, उठून चाला. कॉरिडॉरमध्ये सलाईनचा स्टँड ढकलत फेऱ्या मारल्या आणि दोन-तीन दिवसांत खांदा शांत झाला.

घरी येताना रिक्षा नको म्हणून गाडी केली. घोडबंदर रोडवरून नौपाड्यापर्यंत पोटाशी उशी घट्ट धरून बसले होते. खड्डा आला की उशी दाबायची, खोकला आला तरी उशी दाबायची. ही एक युक्ती शंभर गोळ्यांना भारी. बरं, गोळ्याही मोजक्याच. ब्रुफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या नळीला धोक्याच्या, त्यामुळे पॅरासिटामॉलवर भागवायचं.

खरी कसोटी घरच्या बेडवर. आमचा बेड स्टोरेजवाला, आत पाहुण्यांच्या गाद्या, बॅगा आणि गणपतीचं मखर. पित्ताच्या त्रासासाठी डॉक्टर सांगतात की पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा-आठ इंचांचे ठोकळे घाला. आता ह्या बेडला पायच नाहीत, तर ठोकळे घालायचे कशाखाली? मग घरातल्या सगळ्या उशा एकावर एक रचल्या. मान पुढे वाकली, हनुवटी छातीला टेकली, पोट मध्येच मुडपलं आणि त्या मोठ्या टाक्यावर ताण आला. शिवाय रात्री एकेक उशी सटकत राहिली.

मार्ग काढला सासूबाईंनी. दिवाणखान्यातला जुना कापसाचा लोड उचलून आणला आणि ह्यांना म्हणाल्या, "अरे, बाळंतिणीला टेकवतात तशी टेकव हिला. उतार कमरेपासून पाहिजे, मानेपासून नाही." लोड त्यांनी गादीच्या वर न ठेवता गादीच्या खाली, उशाकडे सरकवला. त्याच्यापुढे दोन तक्के, तेही गादीखालीच. त्यामुळे गादीलाच सरळ चढ आला, पाठ एका रेषेत आणि वर डोक्याला एकच पातळ उशी. दोन्ही कोपरांखाली एकेक छोटी उशी, म्हणजे खांदे लोंबत नाहीत. गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर, म्हणजे पोटाची कातडी ताणत नाही आणि माणूस घसरत खाली जात नाही. फक्त गुडघ्याखालचा आधार तासन्‌तास ठेवू नका, असं फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं. पोटऱ्यांत रक्त साकळण्याची भीती असते, त्यामुळे जाग आली की पावलं वर-खाली हलवायची. त्या रात्री पहिल्यांदा सलग झोप लागली. सासूबाईंना कुठल्या कोर्सने हे शिकवलं म्हणाल तर दोन सुनांची आणि एका लेकीची बाळंतपणं.

उठणं हा स्वतंत्र विषय आहे. मुलगा प्रेमाने हात धरून ओढायचा आणि मी कळवळायचे, कारण ओढलं की पोटाचे स्नायूच आखडतात. बरोबर पद्धत अशी: आधी दोन्ही गुडघे वाकवायचे. मग खांदा आणि कंबर एकाच वेळी कुशीवर वळवायची, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. पाय पलंगाखाली सोडायचे. पाय खाली जात असतानाच खालच्या कोपराने आणि वरच्या हाताच्या पंजाने गादी दाबत वर यायचं. श्वास रोखायचा नाही, सोडत उठायचं. बसल्यावर लगेच उभं राहायचं नाही; रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नाही. झोपताना हेच उलट क्रमाने. पहिले काही दिवस मुलगा बेडशेजारी उभा राहून "गुडघे, कूस, पाय, कोपर" असं म्हणायचा आणि मला हसू आवरायचं नाही. हसलं की पुन्हा टाके दुखायचे.

डॉक्टरांनी कुशीची परवानगी दिली तेव्हा मी डावीकडे वळले. उजवीकडे तो मोठा टाका होता हे एक कारण. दुसरं म्हणजे डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालच्या अंगाला राहतं, म्हणून आंबट कमी येतं. वळल्यावर पोट खाली लोंबून ओढ बसते, त्याला पोटाखाली एक चपटी उशी सरकवायची. एक गुडघ्यांच्या मध्ये, एक पाठीशी, एक कवेत. कवेतली मोठी असेल तर जवळजवळ अर्धं पालथं झोपल्याचं सुख मिळतं, फक्त वजन पोटावर येत नाही. माझ्यासारख्यांनी ही उशी आधीच आणून ठेवावी.

उशांनी न सुटणाऱ्या गोष्टीही होत्या. मे महिन्यात पोटपट्टा आणि पायात घट्ट मोजे घालून झोपणं म्हणजे काय ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. एका रात्री वीज गेली आणि सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं मशीन, बंद. मी उतारावरून उठून सरळ आरामखुर्चीत जाऊन बसले आणि हे पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. झोपेच्या गोळीचा विचार मनात आला होता, पण श्वास अडकणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नसते. पाणी उशाशी लागतंच, पण घोट-घोट. दिवसा कमी प्यायलं आणि रात्री भरपाई करायला गेलं तर पोट घेत नाही. आणि हो, रात्री तीनच्या सुमाराला मामलेदारची मिसळ आठवते. त्याला कुठलीही कूस उपयोगी नाही.

डिस्चार्जच्या कागदावर एक चौकट होती, ती आम्ही कपाटाला चिकटवली होती. ताप, धाप, नाडी १२० च्या वर, वाढत जाणारी पोटदुखी किंवा डाव्या खांद्याची कळ, एकाच पोटरीला सूज. यातलं काहीही असेल तर उशा हलवत बसायचं नाही, तेव्हाच फोन करायचा. नळीच्या टाक्यातून गळती झाली तर बऱ्याचदा पहिली खूण नाडी धावण्याची असते, असं डॉक्टरांनी समजावलं होतं.

पालथी झोपायची मुभा मिळाली तोवर वजन उतरू लागलं होतं आणि वेगळीच कुरबूर सुरू झाली. गुडघ्याला गुडघा लागून दुखतो. कंबरेचं हाड गादीला टोचतं. एसी पूर्वी पुरत नव्हता, आता पहाटे थंडी वाजते. सैल झालेली कातडी कुशीवर एका बाजूला ओघळते, तिला खालून आधार लागतो. गुडघ्यांमधली उशी म्हणूनच अजून आहे. सीपॅपचा मास्कही सैल पडायला लागला आहे, बाजूने हवा सुटते. वजन कमी झालं म्हणून मशीन आपणहून बंद करायचं नसतं. पुन्हा झोपेची तपासणी करून दाब ठरवतात. माझी ती दिवाळीनंतर आहे.

गौरी-गणपतीला पाहुणे आले आणि लोड-तक्के बैठकीत परत गेले, म्हणून आमच्या गादीवाल्याकडून फोमचा उतारच कापून घेतला. उशाकडे ८ इंच उंच, २४ इंच लांब, पुढे शून्यावर येणारा, ४० डेन्सिटीचा. मऊ फोम घेऊ नका, पाठ खचते. आणि कव्हरला चेन लावून घ्या, घामाने वास येतो, आठवड्याला धुवावं लागतं.